त्या ओळीची तारीख

आबा, आज सोमवार आहे, सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि मी कालपासून धड जेवलेले नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आपल्याकडे गेलेल्या माणसाशी बोलायचं ते पुण्यानुमोदनाच्या दिवशी, फोटोपुढे मेणबत्ती लावून, मनातल्या मनात. कागद पुढे ओढून बसायची माझी ही पहिलीच वेळ. गेल्या मंगळवारी मला एक मेल आला, त्यापायी. आरशात बघते तर तोंडावर कुणीतरी गार पाणी मारल्यासारखा चेहरा. मी तुमची तडतडी मुलगी, शब्दाला शब्द देणारी, आणि सहा दिवस मला बोलायला तोंड नाही.

मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात होते, आता निमगावलाच असते. वरच्या खोलीत माझं टेबल, खाली आई. घरात एक वायफायचा डबा आहे, तुमच्या वायरलेस सेटचं नातवंडच म्हणा. तो हवेतून बोलतो, आणि हवेत कुठल्या पट्टीत, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, किती जोरानं बोलायचं, याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे. डबा चालू झाला की तो आधी एका तक्त्यात आपल्या देशाची ओळ बघतो आणि मगच तोंड उघडतो. तो तक्ता मी सांभाळते. पुण्यातली एक छोटी कंपनी आहे, तिच्याकडून डबे बनवणारे हा तक्ता घेतात. कुठलं सरकार एखादी पट्टी खुली करतं, कुठलं बंद करतं, कुणी राजपत्र काढतं आणि महिन्यानं शुद्धिपत्रक काढून निम्मं मागं घेतं. मी ते सगळं वाचते, भाषा येत नसेल तर भाषांतर करून दोघांकडून तपासून घेते आणि त्या देशाची ओळ बदलते. गावातल्या बाया विचारतात, ताई, दिवसभर वर बसून काय करता हो? मी सांगते, जगाचे बांध सांभाळते. त्या हसतात. त्यांना वाटतं हिला शहरातून येताना काहीतरी लागिर झालंय.

बांध हा शब्द तुमचाच. धरणावरच्या तुमच्या वायरलेसच्या खोलीत भिंतीला काचेच्या फ्रेममध्ये परवाना लावलेला असायचा, त्यावर आपल्या खात्याला दिलेली पट्टी टाईप केलेली. मी तिसरीत असेन, विचारलं होतं की एवढं मोठं आभाळ असताना ह्यांनी आपल्याला एवढासाच आकडा का दिला. तुम्ही म्हणालात, की हवेतसुद्धा बांध असतात आणि शेजाऱ्याचा बांध कोरायचा नसतो. आपल्या तालुक्यात बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मला त्या वयातही माहीत होते, त्यामुळं मला ते लगेच पटलं. माईकचं बटन दाबण्याआधी तुम्ही नेहमी मान तिरकी करून थोडा वेळ ऐकत बसायचात, दुसरं कुणी बोलत नाही ना याची खात्री करून घ्यायचात. मला वाटायचं आबांना ऐकू कमी येतं.

पावसाळ्यात दर तासाला पाण्याची पातळी बघून यायची, वहीत लिहायची आणि खाली कळवायची. तुमच्या जोडीचे दोघं ऑपरेटर पातळी हलली नसली की आकड्याच्या जागी 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे व्हायचे. तुमच्या पाळीची पानं मात्र आकड्यांनी भरलेली असायची. एकदा रात्रभर पातळी जागची हलली नव्हती, तरी तुम्ही तोच आकडा तासातासाला पुन्हा लिहिला होता. त्यावरून तुमची चेष्टाही व्हायची, की हे पातळी लिहीत नाहीत, अक्षर घोटतात. मी ते चित्र इतक्या वेळा बघितलंय की डोळे मिटले तरी तुमचा निळा पेन दिसतो.

आता मेलबद्दल. तो एका बेटांच्या देशातून आला. तुम्ही मला जुन्नरच्या रद्दीवाल्याकडून आणून दिलेला तो नकाशांचा संग्रह अजून आहे माझ्याकडे, त्यात तो देश म्हणजे नुसता ठिपका. तिथल्या हवामान केंद्रात पावसाचं रडार आहे आणि ते बघणारी ही बाई. मुलगीच म्हणायची, लिहिण्यावरून तिशीची वाटली. तिनं रडारच्या पडद्याचा फोटो पाठवला होता. गोल पडदा, आणि भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तशी एका बाजूला पांढरी फाक. त्या दिशेला त्यांचं बंदराचं शहर आहे आणि तिथं घरोघर नवे वायफायचे डबे लागलेत. ते डबे रडारच्या पट्टीत बोलतायत. रडारला वाटतं तिकडं पाऊस आहे. रोज पाऊस, बारा महिने पाऊस. मग केंद्रातल्या लोकांनी त्या फाकेकडं बघणंच सोडून दिलं, आणि एका दुपारी खरा पाऊस नेमका त्याच बाजूनं आला. सखल वस्तीत पाणी शिरलं. शाळेच्या छपरावरून पोरं उतरवावी लागली, असं तिनं लिहिलं होतं. कुणी दगावलं का ते तिनं लिहिलं नाही. मी विचारलं नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. तिच्या वरिष्ठांनी तिला नोटीस दिलीय की तू रडारची निगा राखली नाहीस म्हणून हे झालं. सुनावणी सोमवारी, म्हणजे आज. ती तिथं येऊन वर्षच झालंय. तिनं बंदरातून एक डबा विकत आणून उघडला, आत आमच्या तक्त्यातली तिच्या देशाची ओळ बघितली, तर त्या पट्टीत आधी ऐकून मग बोलायची अटच नाही. तिनं विचारलं होतं की ही ओळ कधीपासून अशी आहे एवढी तारीख लिहून द्याल का. खोट ती येण्याआधीची निघाली तर ती सुटेल.

मेल वाचताना मला पहिल्यांदा रागच आला, खरं सांगते. म्हटलं, आमच्या तक्त्यात चूक? ह्यांचंच काहीतरी असेल. मोठ्या तोऱ्यात जुनी नोंद काढली. ओळ सव्वादोन वर्षांपूर्वी बदललेली आणि बदलणारीचं नाव माझं. आबा, मी खुर्चीतून उठून परत बसले. खाली टोमॅटोच्या क्रेटची गाडी नारायणगावला निघाली होती, माझा धाकटा भाऊ ड्रायव्हरवर ओरडत होता, ते सगळं मला ऐकू येत होतं आणि कुठल्या तरी लांबच्या गावातून आल्यासारखं वाटत होतं.

हळूहळू आठवलं. त्यांचं राजपत्र अर्ध्या पानाचं होतं. त्यात लिहिलेलं की आमचे नियम शेजारच्या मोठ्या देशाप्रमाणेच, फक्त पुरवणीत दिलेला भाग सोडून. त्यांच्या साईटवर ती पुरवणी उघडतच नव्हती. मी दोनदा बघितलं, मग मोठ्या देशाची ओळ उचलून तिथं ठेवली आणि पुढं शेरा मारला, पुरवणी पाहणे. नंतर तक्ता गिऱ्हाईकाकडे जायची वेळ आली. गिऱ्हाईकाला तक्त्यात उघडे शेरे चालत नाहीत, ते बघितलं की शंभर प्रश्न विचारतात. मी तो शेरा काढून टाकला. पुरवणी कधीच बघितली नाही. मंगळवारी बघितली. आता उघडते, व्यवस्थित उघडते. दुसऱ्याच ओळीत लिहिलंय की ह्या पट्टीत आमचं पावसाचं रडार आहे, तेव्हा आधी ऐकावं, रडार ऐकू आलं तर गप्प व्हावं. तुम्ही जन्मभर जे 'वरीलप्रमाणे' एकदाही लिहिलं नाहीत, ते मी एका अख्ख्या देशाच्या नावापुढं लिहिलं, आणि ते त्या देशाच्या घराघरात जाऊन बसलं.

बुधवारी पुण्याला साहेबांना फोन केला. ते ओरडले वगैरे नाहीत, उलट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ओळ लगेच दुरुस्त करा, त्या बाईंना आभाराचं लिहा, जास्त खोलात जाऊ नका. तेवढंच म्हणाले. मी ओळ दुरुस्त केली. त्या डब्यांपर्यंत ती पोचायला अजून काही आठवडे लागतील, पण पोचेल. मग तिला उत्तर लिहिलं. चूक निदर्शनास आणल्याबद्दल आभार, दुरुस्ती केली आहे, आणि तारखेबाबत कळवण्यात येते की सदर माहिती आमच्या नोंदीत उपलब्ध नाही.

हे मला साहेबांनी लिहायला सांगितलं नव्हतं. खोलात जाऊ नका म्हणाले होते, खोटं लिहा म्हणाले नव्हते. तारीख माझ्या डोळ्यासमोर दुसऱ्या खिडकीत उघडी होती, तिच्याकडं बघत बघत मी लिहिलं की ती उपलब्ध नाही. मला एकदाही थांबावं लागलं नाही, आणि ह्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त धक्का बसलाय. चूक काय, माणसाच्या हातून होते. पण हे वाक्य इतक्या सराईतपणे माझ्या बोटांतून आलं, की मला वाटलं माझ्या जागी कुणीतरी दुसरीच बाई बसून टाईप करतेय, आणि मी तिला ओळखत नाही.

मला त्या क्षणी आईचं बोलणं आठवलं होतं. तुम्हालाही ते आठवत असेल. मी सातवीत होते. आई निमगावला आलेली, तुमच्या जोडीच्या ऑपरेटरनं चार वाजायच्या आत येतो म्हणून खालच्या गावाला सायकल हाणलेली. मी क्वार्टरच्या शेवाळल्या पायरीवरून पडले आणि हनुवटी फुटली. तुम्ही मला उचललंत, खात्याची जीप घोडेगावला निघाली होती तिच्यात टाकून दवाखान्यात नेलंत. टाके पडेपर्यंत माझा हात धरून होतात. परत आलो तेव्हा पावणेपाच झालेले आणि जोडीदाराचा अजून पत्ता नव्हता. चारची नोंद राहिली होती. तीनचा आकडा आणि पाचचा आकडा एकच आला. मधल्या ओळीत तोच आकडा टाकला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तुम्ही त्या ओळीत लिहिलंत, चार वाजताची नोंद घेतली नाही, मी जागेवर नव्हतो. आणि खाली सही. कारणसुद्धा लिहिलं नाहीत.

मेमो आला. मग तुमचं वायरलेस गेलं आणि तुम्हाला येडगावला भांडारात टाकलं, सिमेंटच्या गोण्या आणि गंजके पाईप मोजायला. क्वार्टर सोडताना नळावर एका क्लार्कची बायको म्हणाली की ह्यांना नोकऱ्या दिल्या की असंच व्हायचं. आईनं ते ऐकलं. घरी येऊन ती तुमच्यावर इतकी कडाडली की मी टाके दाबून कोपऱ्यात बसले. "दुसऱ्याची चूक त्याची एकट्याची ऱ्हाती. आपल्या मान्साची चूक सगळ्या आळीची व्हती. ठावं हाय ना तुमाला? मंग कशापायी लिवलं?" असं ती म्हणाली. लई मोठे हरिश्चंद्र लागून गेलात, असंही म्हणाली. तुम्ही स्टोव्हला पंप मारत होतात, मारतच राहिलात. ती पाण्याला गेल्यावर मीही तेच विचारलं, फुटक्या हनुवटीनं, अर्धं तोंड उघडून. आबा, कुणाला कळलं असतं?

तुम्ही स्टोव्ह पेटवलात, चहाचं आधण ठेवलंत आणि म्हणालात, "धरनाखाली बसल्याला पानी दिसत न्हाई, पोरी. त्यो आपल्या आकड्यावर नदीत उतरतो. मी न बघता आकडा लिवला, तर त्यानं कुणाकडं बघायचं?"

मला ते त्या वेळी पटलं नाही. पुढं कितीतरी वर्षं पटलं नाही. तुम्ही संध्याकाळी भांडारातून सिमेंटनं पांढरे होऊन यायचात आणि रेडिओ लावून तसेच मान तिरकी करून बसायचात, तेव्हा मला तुमची कीव यायची आणि रागही. कॉलेजात असताना एकदा भांडणात मी बोलूनही गेले की तुमच्या खरेपणापायी घराची फरफट झाली. मी लेण्याद्रीला मैत्रिणींबरोबर जायचं म्हणून निघून गेले, आणि त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच. मेमो आला तो माझी हनुवटी फुटली म्हणून, हे मला तेव्हा माहीत नव्हतं थोडंच? सगळं माहीत होतं. माहीत असून बोलले.

आणि बुधवारी, तारीख लपवताना, माझ्या डोक्यात आईचंच बोलणं होतं. कंपनीत मी एकटी आहे आपल्यातली. साहेब चांगले आहेत, पण जेवणाच्या टेबलावर कोण काय बोलतं ते मी ऐकलेलं आहे. मला वाटलं, ही चूक माझी एकटीची राहणार नाही. असं स्वतःला समजावलं आणि मला बरंही वाटलं, घटकाभर. मग उजाडलं की ती तिकडची मुलगीसुद्धा एकटीच आहे. तिच्या नोटिशीवर माझ्या चुकीचं ओझं आहे, आणि तिच्या माणसांना कोण काय बोलत असेल ते मला काय माहीत.

गुरुवारी तिचं उत्तर आलं. मला वाटलं भांडेल. तिनं आभार मानले होते, आबा. इतक्या लगेच दुरुस्ती करणारं कुणी भेटलं नव्हतं, तारीख नसली तरी हरकत नाही, मी दुसरा काही पुरावा मिळतो का बघते, असं लिहिलं होतं. खाली त्यांच्या भाषेत एक शब्द होता, मी शोधून काढला, त्याचा अर्थ मोठी बहीण. मी लॅपटॉप बंद केला आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले. ऊन इतकं होतं की पत्रा चटके देत होता, तरी मी तिथंच उभी.

काल शेवटी आईला सांगितलं. तिला आता ऐंशीच्या पुढं लागलंय, अर्धं ऐकू येतं, अर्धं ती ऐकून घेत नाही. हे मात्र सगळं ऐकलं. डबे, रडार, फाक, नोटीस, मी तिला हातवारे करून सांगितलं. मला खात्री होती की ती म्हणेल, गप बस, कुणाला बोलू नको. मला तेच ऐकायचं होतं, त्यासाठीच तर तिच्याकडं गेले होते. तिनं विचारलं, त्या पोरीनं मग काय लिवलं परत? मी म्हटलं, आभार मानले. आईनं हातातल्या शेंगा फोडून संपवल्या. मग म्हणाली, "तुजा बाप आसता तर जेवला नसता." आणि ताट वाढलं, माझं एकटीचं. स्वतः जेवली नाही.

मी त्या ताटावरून उठले. वर येऊन त्या तिकडच्या मुलीला दुसरं पत्र लिहिलं. ओळ बदलल्याची तारीख, बदलणारीचं नाव, पुरवणी न बघता शेरा कसा काढला ते, आणि बुधवारी मी नोंद उपलब्ध नाही असं लिहिलं ते खोटं होतं, हेही. साहेबांनाही प्रत जाईल असं केलंय. फार मोठं नाही, एक पान आहे. काल दुपारी चारलाच लिहून झालं. तिकडचं घड्याळ आपल्या मागं चालतं, सुनावणी आपल्या साडेअकराला सुरू होईल. पत्र पाठवायला एक बटन दाबावं लागतं, बाकी काही नाही.

तुम्हाला लिहायला बसले तेव्हा मला वाटलं, मन मोकळं करावं, म्हणजे ते बटन दाबायचं बळ येईल. आता सव्वाअकरा होत आलेत. आबा, तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार आहे. मी हे एवढं लांबण लावलं, बांध काय, स्टोव्ह काय, ते सगळं वेळ काढायला. तुम्ही ऐकून घेता, उलट विचारत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले. तिला लिहिलेलं पत्र अजून माझ्यासमोरच आहे, न पाठवलेलं.